आजोबांची लढाईतली पत्रं : दोन्हीकडून "सर्व खुशाल", मग खरं काय चाललं होतं?

पडवीतला

नमस्कार मंडळी. गणपतीत घरी गेलो होतो, दापोली तालुक्यात आमचं गाव. माळ्यावर पाणी गळत होतं म्हणून सगळं सामान खाली काढलं तर मागच्या कोपऱ्यात कणगीच्या आड आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक निघाली, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि १/५ असं लिहिलेलं. आत एक खाकी पट्टा, तीन पदकं (एकावर इटली स्टार असं आहे), कंगवा आणि वाळवीने एका बाजूने खाल्लेला पत्रांचा गठ्ठा. ६३ पत्रं आहेत. मोजून ३८ आजोबांनी घरी पाठवलेली आणि २५ आजीने त्यांना पाठवलेली, म्हणजे ते आजीची पत्रं लढाईतून परत घेऊन आले आणि तिने त्यांची जपून ठेवली आणि कुणीतरी दोन्ही एकत्र बांधली.

मी तीन रात्री बसून आजोबांची सगळी वाचली, बाळबोध (देवनागरी) अक्षर आहे, लागतं. पण खरं सांगतो, वाचून झाल्यावर मला काहीच कळलं नाही असं वाटलं. प्रत्येक पत्रात तेच. इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, मुलीला शाळेत पाठवावे, मनिऑर्डर पोचली का, कपिलेला पेंड घालावी. मध्येच एखादी ओळ शाईने काळी केलेली. माणूस चार वर्षं लढाईत होता आणि त्यातलं काहीच नाही. आजीच्या २५ पैकी १८ बाळबोधमध्ये आहेत, तीनचार वेगवेगळ्या अक्षरांत (आजी लिहू शकत नव्हती), त्यातही तेच, इकडे सर्व क्षेम, पाऊस बरा, कपिला दूध देते. उरलेली ७ मोडीत आहेत, ती मला वाचता येत नाहीत.

आता खरी गोम इथे आहे. माझी मोठी आत्या अजून आहे, ८८ वर्षांची, डोकं एकदम साफ. ती म्हणते कपिला १९४३ च्या पावसाळ्यात विकली, घरात भात संपलं होतं म्हणून, तिला स्पष्ट आठवतं कारण ती गाईमागून साकवापर्यंत रडत गेली होती. आणि पत्रांत कपिला १९४५ पर्यंत दूध देतेय!!

तर प्रश्न असा की तिकडे आणि इथे आपल्या गावात तेव्हा रोजचे दिवस नक्की कसे जायचे, कुणाच्या घरी काही ऐकलेलं असेल तर सांगा. आणि मोडी वाचणारं कुणी असेल तर प्लीज. पत्त्यावर आधी पै. फोर्स आणि नंतर सी. एम. एफ. असं आहे, त्याचा अर्थ पण सांगा.

---

खेडचा_फौजी

भाऊ, पहिल्यांदा त्या ट्रंकेला नमस्कार. मी स्वतः मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर, त्यामुळे १/५ वाचून अंगावर काटा आला. म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण.

पै फोर्स म्हणजे पर्शिया आणि इराकमधली फौज. सी. एम. एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे इटली. आठवी हिंदुस्थानी डिव्हिजन आधी इराककडे होती, मग सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत टारांटो बंदरात उतरली, १/५ मराठा तिच्यात होती. तुम्ही पत्रं तारखेवार लावा, लढाई त्यातच दिसेल. नोव्हेंबर डिसेंबर १९४३ च्या पत्रात पावसाचं काही आहे का बघा. त्यावेळी सँग्रो नदीवर मोठी लढाई झाली, नदीला असा पूर आला की टाकलेले पूल वाहून गेले आणि अलीकडचे पलीकडचे तुटले. नंतर मे १९४४ मध्ये कॅसिनोच्या खालची नदी ओलांडली, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना उचलून आणलं आणि एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या कोकणातले यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीत होते, १० जुलै १९४४ ला गेले, वय २२, त्यांना मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, एसटीतून जाताना बघितला असेल.

आता रोजचं. लोकांना वाटतं लढाई म्हणजे रोज गोळीबार. नाही. लढाई म्हणजे चिखल, जागरण आणि वाट बघणं. पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडताना सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकात उभं राहायचं, त्याला स्टँड टू म्हणतात, शत्रू त्याच वेळी येतो म्हणून. मग चहा. मग रायफल साफ. मग जो झोपू शकतो तो झोपतो. रात्री पेट्रोलिंग आणि सेंट्री. डोंगरावर गाडी जात नाही म्हणून इटलीत राशन आणि दारूगोळा खेचरावर लादून न्यायचे, लंगर मागे असायचा, जेवण वर पोचेपर्यंत गार. आपल्या कोकणातल्या पोराला भाताची सवय, आणि हातात काय तर रोटी आणि डाळ. शक्करपारे मात्र खिशात कायम, ते माझ्या वेळेपर्यंत चालू होते. ज्याने जन्मात कधी बर्फ बघितलं नाही त्याने १९४३-४४ आणि १९४४-४५ असे दोन हिवाळे तिथल्या डोंगरात काढले, यावर जरा थांबून विचार करा.

मी १९९९ ला वर होतो, कुठे ते लिहीत नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवून, रॉकेलच्या स्टोव्हवर, त्यामुळे चहाला पण रॉकेलचा वास. अंडं दगडासारखं व्हायचं. मी खाली बेसला आलो की फोनच्या लाईनीत दोन तास उभा राहायचो आणि नंबर लागला की गावातल्या दुकानात फोन जायचा, दुकानदार पोराला पळवायचा आमच्या घरी, दहा मिनिटांनी परत लावायचा आणि मग आई धापा टाकत यायची. आणि मी काय बोलायचो? "मी बरा आहे, जेवलो, तू कशी आहेस." ती म्हणायची "मी बरी आहे." झालं. तिचं त्याच महिन्यात हाताचं हाड मोडलं होतं, मला सहा महिन्यांनी घरी गेल्यावर कळलं. त्यामुळे तुमच्या आजोबांची पत्रं कोरी आहेत असं मला तरी वाटत नाही.

---

सुरंगी

तुमचं पत्रांचं वाचून मला आमच्या पणजीची पडवी आठवली (गुहागरकडे). माझी आजी सांगायची ते सांगते, कारण फौजी काकांनी तिकडचं सांगितलं पण घरचं पण तितकंच मोठं आहे आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही.

एक लक्षात घ्या की पत्र ही त्या काळी दोघांची गोष्ट नव्हतीच. आजी बोलणार, शाळामास्तर किंवा पोस्टमन लिहिणार, तिकडे सेन्सरचा माणूस उघडून वाचणार, आणि आजोबांचं पत्र आलं की पोस्टमन पडवीत बसून मोठ्याने वाचणार, समोर सासरा, दीर, शेजारची चार माणसं, कपाळापर्यंत पदर घेऊन ती दाराआड. आता सांगा त्यात नवरा काय लिहिणार आणि बायको काय लिहवणार. माझी आजी म्हणायची की नवऱ्याच्या पत्रात "मुलांना आशीर्वाद" नंतर "घरच्या सर्वांना" असं आलं की ते "सर्वांना" म्हणजे आपल्याला, एवढं ती ओळखायची आणि त्यावर महिना काढायची.

आता घरातलं. आपल्याकडे भात कधीच वर्षभर पुरत नव्हतं, डोंगराळ जमीन, मुंबईच्या मनिऑर्डरवर आणि बाहेरच्या तांदळावर घर चालायचं. त्यात ब्रह्मदेशचा तांदूळ बराच यायचा, रंगूनचा तांदूळ म्हणायचे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ बंद. भाव असे चढले की बायका सकाळी भाव विचारायच्या आणि संध्याकाळी तो राहिलेला नसायचा. मुंबईत मे १९४३ पासून रेशनकार्ड सुरू झालं त्यामुळे चाकरमानी पण पहिल्यासारखं गाठोडं बांधून गावाला काही आणू शकेना. मग नाचणी, वरी, कुळथाची पिठी, पावसात टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवलेल्या, करांदे, कणगर. आजी म्हणायची पेजेत शीत शोधावं लागायचं. १९४३ चा पावसाळा म्हणजे तुमच्या आत्या म्हणतात तोच, त्या काळात गाय विकली गेली यात मला काहीच नवल वाटत नाही.

घासलेट मिळेना. मग दिव्यात उंडीचं तेल, ज्यांच्याकडे उंडीणी होत्या त्यांच्या दारात मुलं बिया वेचायला. त्या दिव्याचा धूर होतो आणि वास येतो, पण वातीपुरता उजेड. कापड तर विचारूच नका, लुगड्याचे दोन तुकडे जोडून दांड घालून नेसायचं आणि एकच धड लुगडं असेल तर ते लग्नाला जाणारीने नेसायचं मग ती कुणाच्याही घरची असो. सुट्टे पैसे पण गायब झाले होते, मग मधे भोक असलेला तांब्याचा पैसा आला, आमच्याकडे अजून दोन आहेत, आजीने करगोट्यात ओवून बाबांच्या कमरेला बांधलेले.

आणि पावसाळ्यात बोटी बंद. रेल्वे नाही, मुंबईहून येणारं सगळं बोटीने, ते जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, टपाल घाटावरून फिरून यायचं. म्हणजे ज्या दिवसांत पोटात अन्न नाही त्याच दिवसांत पत्र पण उशिरा. आजी म्हणायची पोस्टमन बांधावरून येताना दिसला की तो पिशवीत हात घालतो का एवढंच बघायचं, आणि हात न घालता नुसताच वर बघून हसला की समजायचं आज पण नाही. आणि खाकी पाकिटाऐवजी तार असली तर तो हसायचाच नाही.

---

बंदरकाठ

सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. मी बाणकोट खाडीचा. सुरंगीताई तुम्ही पत्राचं लिहिलंत, आमच्याकडे पत्र पण नव्हतं.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, बोटीवर सारंग (खलाशांचे मुकादम) होते. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतले कित्येक बाप्ये विलायती कंपन्यांच्या मालवाहू बोटींवर खलाशी, टिंडेल, सारंग. ते सैनिक नव्हते, वर्दी नाही, बंदूक नाही, पण पाणबुडी काय विचारून टॉर्पेडो सोडत नाही. मुंबईला गावकीची खोली असायची, त्यात वीसपंचवीस माणसं, ज्याची ट्रिप लागली तो आपली ट्रंक तिथेच ठेवून नल्ली (खलाशाचं पुस्तक) घेऊन जाणार. कुठली बोट, कुठे चालली, हे त्याला पण माहीत नसायचं, लढाई असल्यामुळे सांगायचेच नाहीत. घरच्यांना पत्ता नाही, बोटीचं नाव सांगायची परवानगी नाही.

१९४२ ला दादांची बोट बुडाली. खबर अशी आली की त्याच बोटीवरच्या दुसऱ्या गावच्या माणसाच्या चुलत्याला कुणीतरी गोदीत सांगितलं. पक्कं काही नाही. लोक म्हणाले आता फातेहा द्या. दादी म्हणाली कागद दाखवा, कागद येईपर्यंत मी इद्दत (नवरा गेल्यावर पाळायची मुदत) बसणार नाही, आणि रोज सकाळी उठून नेहमीसारखी सुकटीचा धंदा करायला बाहेर पडायची. लोक नावं ठेवायचे. ५ महिन्यांनी दादा स्वतः आले, एका पायाची दोन बोटं गेलेली, होडीत किती दिवस होते ते त्यांनी कधीच नीट सांगितलं नाही. घरी तीन महिने राहिले आणि परत ट्रिप घेतली. वडील म्हणतात की दादीने त्यांना अडवलं नाही, फक्त ट्रंकेत सुकट घालताना हात थरथरत होता.

ज्यांची माणसं आली नाहीत त्यांच्यासाठी : मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या २००० हून जास्त खलाशांची नावं आहेत, दुसऱ्या महायुद्धाची नावं पण आहेत. त्यांची कबर समुद्र. मी एकदा गेलो होतो, बोट फिरवत एकेक नाव वाचलं, आपल्याकडची नावं आणि आडनावं भेटत जातात. कोकणातल्या लोकांना ही जागा माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं म्हणून इथे लिहितोय, मुंबईत असाल तर जा.

आणि फक्त बोटीवरचेच नव्हे, १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, दारूगोळा आणि कापूस एकाच बोटीत भरलेला. गोदीत काम करणारे आपले कोकणचे किती होते. गावात म्हणे त्या आठवड्यात बोट धक्क्याला लागली की अख्खं गाव उतरणाऱ्यांची तोंडं बघायला उभं. म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेला माणूस घरच्यांना सुरक्षित वाटत होता, तो पण नव्हता.

---

पडवीतला

वाचतोय आणि मधेमधे उठून बाहेर जातोय. सगळ्यांचे आभार.

फौजी काका, तुम्ही म्हणालात तसं डिसेंबर १९४३ चं पत्र काढलं. त्यात गावाचं नाव काळं केलंय पण खाली लिहिलंय की "इकडे नदीला आपल्या आषाढासारखा पूर आला होता, पाणी बर्फासारखे, कपडे अंगावरच वाळतात, काळजी करू नये." मी हे आधी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. ते सँग्रोच असणार ना? आणि जानेवारी १९४४ मध्ये "येथे पांढरा पाऊस पडतो, आवाज येत नाही" असं लिहिलंय. सेन्सरने तेवढं राहू दिलं.

बंदरकाठ दादा, मशीद बंदरला पुढच्या महिन्यात नक्की जातो.

---

खेडचा_फौजी

सँग्रोच. तारीख, पूर, थंडी सगळं जुळतं. कपडे अंगावरच वाळतात म्हणजे नदीतून चालत गेले आणि बदलायला काही नव्हतं. सेन्सरला नदीत पाऊस दिसला.

तशी ही शिपायांची जुनी युक्ती आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपले हिंदुस्थानी शिपाई घरी मसाल्याच्या नावाने लिहायचे, काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असं लिहिलं की घरच्यांनी समजायचं. सेन्सरला पण शेवटी कळलं म्हणून तर ती आज रेकॉर्डवर आहेत. पण जी कळली नाहीत ती किती असतील.

त्याच लढाईत मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुट या गावाला वेढा पडला होता, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी आत होत्या. खायला घोडे मारायची वेळ आली, आपल्या लोकांनी बरेच दिवस ते मांस खाल्लं नाही आणि उपाशी राहिले. शरण गेल्यावर कैदी होऊन वाळवंटातून चालवत नेले, त्यात किती गेले. घरच्यांना किती महिन्यांनी काय कळलं असेल देव जाणे. तेव्हा शिपायाचा पगार ११ रुपये महिना होता. कोकणात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके गेले, इतके मेले, नावं नाहीत नुसता आकडा. आमच्या शाळेत होती, आम्ही तिच्यावर खडूने गणितं करायचो, लहान होतो, कुणी सांगितलंच नाही काय आहे ते.

आजोबांच्या नोकरीची माहिती हवी असेल तर ट्रंकेवरचा नंबर लिहून बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर फक्त लढाईत गेलेल्यांची नावं असतात, तिथे ते मिळणार नाहीत, देवाची कृपा.

---

हर्णैची_सून

मी दुसऱ्या लढाईचं सांगू का, १९७१ चं, चालेल ना. माझे मिस्टर नेव्हीत होते, लग्नाला आठ महिने झाले होते, मी मुंबईत क्वार्टर्समध्ये. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि ब्लॅकआऊट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, एक फट दिसली तरी खालून वॉर्डन ओरडायचा. भोंगा वाजला की आम्ही बायका जिन्याखाली. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर, सासऱ्यांनी येऊन गावाला नेलं.

गावाला आमच्याकडे वीजच नव्हती, तरी सासूबाई चिमणीपुढे सूप आडवं धरून ठेवायच्या, समुद्रावरून दिसेल म्हणून. मच्छीमारांच्या बोटी रात्री जाईनात, बंदर शांत, असं हर्णै मी परत कधी बघितलं नाही. गावात तीन रेडिओ होते, त्यातला एक शेजारी. ९ डिसेंबरच्या रात्री आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आम्हाला ती बातमी रेडिओवर कळली आणि शेजारच्या काकूंनी रेडिओ बंद केला माझ्यासमोर. मिस्टर खुकरीवर नव्हते, हे मला माहीत होतं, पण शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की बदली होऊ शकते. पत्ता काय, तर फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. त्यावरून काय कळणार कुठल्या बोटीवर आहेत.

बारा दिवस. सासूबाईंनी एकदा सुद्धा विषय काढला नाही, रोज मला बसवून केसांना तेल लावायच्या आणि विळीवर नारळ खवायच्या, जेवायला वाढायच्या. मी पण काही बोलले नाही. पत्र आलं तेव्हा त्यात होतं की मी मजेत आहे, लोणचं संपलं. त्या पत्रावरची तारीख ११ डिसेंबर. मी ती तारीख बघूनच बसले, पत्र नंतर वाचलं. आणि सासूबाई मागच्या दारी जाऊन मोठ्याने रडल्या, तेव्हा मला कळलं की त्या बारा दिवस काय करत होत्या.

---

सुरंगी

हर्णैच्या ताई, 🙏 काय लिहू. केसांना तेल.

पडवीतले, मोडीचं : माझे काका वाचतात, जुनी दस्तऐवज वाचायचं काम करायचे. फोटो पाठवा, पण पाठची बाजू आणि कडा पण येऊ दे, मोडीत लिहिणारे समासात उभं आडवं काहीही लिहायचे.

---

पडवीतला

पाच दिवसांनी लिहितोय. सुरंगीताईंच्या काकांनी पहिलं मोडी पत्र वाचून दिलं. भाद्रपदातलं, १९४३. आतला मजकूर नेहमीचा, सर्व क्षेम, लावणी झाली, मुलगी शाळेत जाते, कपिला दूध देते. पण डाव्या समासात उभ्या ओळीत, काका म्हणतात त्याच अक्षरात पण बारीक, लिहिणाऱ्या मास्तरांनी स्वतःचं लिहिलंय :

"वहिनींनी लिहू नको सांगितले आहे तरी लिहितो. गाय श्रावणात विकली. घरात दाणा नव्हता. त्यांना मी लिहिले असे कळू देऊ नये."

मी सुरंगीताईंच्या काकांना लगेच फोन केला आणि विचारलं की आजोबांना मोडी येत होती का, कारण त्यांनी स्वतः कधी मोडीत लिहिलेलं नाही. हे कसं कळणार. मग पत्र उलटं केलं. आजोबांना एक सवय होती, आलेल्या प्रत्येक पत्रामागे पेन्सिलीने पोचल्याची तारीख लिहायची. यावर आहे : पोचले १४ नोव्हेंबर. आणि त्याखाली "हवालदाराकडून वाचून घेतले".

म्हणजे त्यांना १४ नोव्हेंबर १९४३ ला कळलं होतं. त्यानंतरची माझ्याकडे त्यांची २१ पत्रं आहेत, मी परत सगळी काढून बघितली. २१ च्या २१ पत्रांत कपिला आहे. कपिलेला पेंड घालावी. कपिलेला पावसात बाहेर बांधू नये. आणि आजी प्रत्येक वेळी लिहवते, कपिला बरी आहे.

---

खेडचा_फौजी

भाऊ, तारखा परत एकदा तपासा, पत्रं एकमेकांना ओलांडून जायची, दोन दोन महिने लागायचे. एखाददुसरं तसं असू शकेल.

---

पडवीतला

तपासल्या काका. एकदोन पत्रं तशी असतील, २१ नाही.

रविवारी आत्याकडे गेलो, तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मग बराच वेळ हातातल्या वाटीतले गहू निवडत बसली. मग म्हणाली की बाबा १९४६ ला आले ते हर्णैला बोटीने उतरून चालत आले, संध्याकाळ झाली होती. आईने पाय धुवायला पाणी दिलं. ते पाय धुऊन घरात न येता गोठ्यात गेले. गोठा रिकामाच होता, खुंटीला कपिलेचं दावं तेवढं होतं. ते त्यांनी काढून आणलं, कुजलं होतं, आणि पडवीत बसून नवीन दावं वळायला घेतलं, आईने काथ्या आणून दिला आणि समोर बसून एक टोक धरलं. मी विचारलं, काय बोलले? आत्या म्हणाली, कोण कशाला काय बोलेल.

पाडसासकट नवीन गाय मार्गशीर्षात आली. तिचं नाव पण कपिलाच ठेवलं.

मोडीतली अजून ६ आहेत, तीन उद्या स्कॅन करून पाठवतो, बाकीची वाळवीने कडेला खाल्ली आहेत, ती कशी सरळ करायची ते कुणाला माहिती असेल तर सांगा, उघडताना तुटतायत.